कर्कटक, कंपास आणि गुण्या

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: मुलीच्या कंपासपेटीत दोन्ही पाय टोकदार असलेलं जे साधन असतं, त्याला पुस्तकात कर्कटक म्हटलंय. घरी कामाला येणारे सुतार त्यालाही कंपासच म्हणतात, आणि ट्रॉलरवरचा तांडेल कंपास म्हणतो ती तिसरीच वस्तू. मग कर्कटक हा शब्द कुणी मुद्दाम घडवलेला पुस्तकी शब्द आहे का? त्याचा खेकड्याशी काही संबंध? गुण्याचा गुणाशी? आणि नकाशा लहानमोठा करताना वापरतात त्या 'प्रपोर्शनल डिव्हायडर'ला मराठीत काय म्हणावं?

पहिल्या शंकेचं उत्तर ठामपणे देता येतं. कर्कटक हा समितीत बसून घडवलेला शब्द नाही. आर्यभटाच्या 499 सालच्या ग्रंथात, गणितपादात, एकाच श्लोकात आखणीची चार साधनं येतात: वर्तुळ भ्रमाने काढावं, त्रिकोण आणि चौकोन कर्णांनी, जमिनीची सपाटी पाण्याने आणि उभी रेषा लंबकाने. यातला 'भ्रम' म्हणजे काय, हे भास्कर पहिला याने 629 साली लिहिलेल्या टीकेत सांगितलं आहे. भ्रम म्हणजे कर्कटक, असं तो म्हणतो. (लीलावतीकार भास्कराचार्य ते हे नव्हेत, ते पाच शतकांनंतरचे.) म्हणजे हा शब्द याच कामासाठी निदान चौदाशे वर्षं वापरात आहे.

त्या श्लोकातली बाकीची साधनंही कोकणात कुठल्याही नव्या घराच्या जोत्यावर बघायला मिळतात. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी एका कोपऱ्याची पातळी दुसऱ्या कोपऱ्यावर नेतो. चिरा रचताना ओळंबा सोडतो, आणि हा ओळंबा 'अवलंब'वरून आलेला, म्हणजे लंबकाच्याच घरातला. जोतं आखून झालं की दोन्ही कर्ण दोरीने मापून सारखे आहेत ना ते बघतो. एवढ्या जुन्या श्लोकातलं सगळं सामान अजून रोजच्या वापरात आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

आता एक फरक लक्षात घ्यायला हवा. भास्कराचं कर्कटक वर्तुळ काढणारं होतं. आज शाळेत वर्तुळ काढतो तो कंपास, आणि अंतर उचलून दुसरीकडे ठेवतं ते कर्कटक. परका शब्द आला, त्याने जुन्या शब्दाचं काम घेतलं आणि जुना शब्द शेजारच्या कामावर गेला. माझ्या मते ही वाटणी चांगली झाली. कामं दोन आहेत, तर शब्दही दोन असावेत.

खेकड्याचा संबंध मात्र थेट आहे. संस्कृतात कर्कट म्हणजे खेकडा, कर्क रास तीच. कुर्लीचे दोन डेंगे समोरासमोर येऊन एखादी वस्तू पकडतात, तसे या साधनाचे दोन पाय अंतर पकडतात. नाव ठेवणाऱ्याने पकडीकडे बघितलं. युरोपात नाव ठेवणाऱ्यांनी चालीकडे बघितलं. 'कंपास'च्या मुळाशी लॅटिन 'पासुस' म्हणजे पाऊल आहे, पावलांनी मापणं. ग्रीक लोक याच साधनाला 'डायाबेटीस' म्हणत, म्हणजे पाय फाकून पलीकडे जाणारा. आजाराचं नावही त्याच धातूवरून आलं, पण तो विषय वेगळा.

पकड आणि चाल, दोन्ही या साधनाचे खरे गुण आहेत. चांगला सुतार काम करताना बघितला की ते लगेच पटतं. जांभ्याच्या गिलावा न केलेल्या भिंतीला कपाटाची उभी फळी भिडवायची असते. चिऱ्याला भोकं, खळगे, पुढे आलेले कंगोरे. सरळ फळी लावली तर कुठे दोन सूत फट राहते, कुठे अर्धा इंच. सुतार फळी ओळंब्यात उभी धरतो आणि सगळ्यात मोठ्या फटीएवढा कंपास उघडून घट्ट करतो. लोखंडी टोक भिंतीवर, पेन्सिल फळीवर, आणि वरपासून खालपर्यंत सावकाश ओढत आणतो. दोन्ही टोकं सतत आडव्या रेषेत राहायला हवीत, हात जरा तिरका झाला की आकार बिघडला. भिंतीचा प्रत्येक खळगा आणि प्रत्येक कंगोरा फळीवर उतरतो. मग त्या रेषेवर पटाशी आणि रंधा. फळी बसते ती कागद सरकणार नाही अशी. एवढ्या सगळ्यात एकही आकडा तोंडात आला नाही, की टेप उघडली नाही. हातात कंपास असला तरी काम कर्कटकाचं झालं, कारण अंतर उचलून जसंच्या तसं दुसरीकडे नेलं.

चालीचं उदाहरण खिडकीच्या गजांचं. चौकटीत सात गज बसवायचे म्हणजे आठ सारख्या जागा पाडायच्या. टेपने भागाकार केला की बहुधा अडनिडा आकडा येतो, तो गोल करावा लागतो, आणि दर खुणेला केसभर चूक झाली तरी शेवटच्या गजाशी ती सातपट होते. कर्कटक अंदाजाने उघडून चौकटीच्या कडेने आठ पावलं चालवायचं. शेवटी थोडं अंतर उरलं तर त्या उरलेल्याच्या आठव्या हिश्शाएवढे पाय आणखी उघडायचे, जास्त झालं तर तेवढेच मिटायचे, आणि पुन्हा चालवायचं. दोन-तीन फेऱ्यांत नेमकं बसतं. चूक किती आहे हे साधन स्वतःच शेवटच्या पावलाला दाखवतं.

जाळं विणणारेही आकड्याशिवायच चालतात. बांबूच्या कामटीवरून दोरा फिरवून गाठ मारली की प्रत्येक आस (जाळ्याचं भोक) सारखाच होतो. कामटी रुंद तर आस मोठा.

समुद्राच्या नकाशावर कर्कटकाचा उपयोग आणखी मोलाचा. दोन ठिकाणांवर दोन टोकं ठेवायची आणि तेच अंतर नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरच्या अक्षांशाच्या मोजपट्टीवर नेऊन वाचायचं. अक्षांशाचं 1 मिनिट म्हणजे 1 सागरी मैल, 1852 मीटर. रत्नागिरी 17 अंशांच्या किंचित खाली, मालवण 16 अंशांच्या किंचित वर, त्यामुळे दोन्हींमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे 56 मिनिटं, म्हणजे तेवढेच सागरी मैल. वाचायचं मात्र त्या ठिकाणांच्याच समोर, कारण मर्केटर पद्धतीच्या नकाशात उत्तरेकडे जावं तसं मिनिट कागदावर लांब होत जातं. वरच्या किंवा खालच्या कडेवरची रेखांशाची पट्टी यासाठी चालत नाही.

तांडेलाचा कंपास म्हणजे दिशा दाखवणारा. त्याला मराठीत होकायंत्र हा सुरेख शब्द आहे. होका म्हणजे डबी. अरबीतल्या 'हुक्का'चा मूळ अर्थ डबी, आणि अरबी नाविक त्याच नावाने हे यंत्र ओळखत. इटालियन 'बुसोला'चा अर्थही डबीच. तेव्हा इथे तीन शब्द अगदी मोकळे आहेत: होकायंत्र दिशेला, कंपास वर्तुळाला, कर्कटक अंतराला. बोलताना सगळ्याला कंपास म्हटलं तर कुणाचं अडत नाही, लिहिताना मात्र वेगळेपणा पाळावा.

गुण्याचा गुणाशी संबंध नाही. फारसीत सुतार-गवंड्याच्या काटकोनाला 'गूनिया' म्हणतात, तो ग्रीक 'गोनिया'वरून आला, अर्थ कोन. पेंटॅगॉन आणि ट्रिगॉनॉमेट्री यांतला 'गॉन' तोच. गवंड्याचा गुण्या दोन हातांचा, काटकोनात जोडलेला. कंपासपेटीतले दोन गुण्ये त्रिकोणी, एक 45 अंशांचा, दुसरा 30 आणि 60 अंशांचा. कुणी हौसेने 'काटकोनक' वगैरे शब्द सुचवतात. मला त्याची गरज दिसत नाही. गवंडी, सुतार आणि शाळा तिघांच्या तोंडी असलेला शब्द सोडण्यात काय लाभ?

आता प्रपोर्शनल डिव्हायडर. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या, चारही टोकं अणकुचीदार, मध्ये लांबट खाच आणि त्या खाचेत सरकणारा स्क्रू. पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींवरून जातात. स्क्रूने पट्टीचे 1 आणि 3 असे भाग केले की दोन्हीकडे समरूप त्रिकोण होतात, म्हणून एका बाजूला जेवढं अंतर पकडाल त्याच्या तिप्पट दुसऱ्या बाजूला आपोआप उघडतं. स्थिर खिळ्याचं, दुपटीचं असं साधन पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांत सापडलं आहे. सरकत्या सांध्याचं श्रेय सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या योस्ट ब्यूर्गी या घड्याळजी-गणितज्ञाला देतात. गॅलिलिओने 1597च्या सुमारास तयार केलेला आणि 1606 साली पुस्तिका छापून समजावलेला 'भौमितिक व लष्करी कंपास' मात्र वेगळा. त्यात एका टोकाला जोडलेल्या दोन रुंद पट्ट्यांवर मोजण्या कोरलेल्या असतात.

शब्द म्हणून मी 'प्रमाण-कर्कटक' सुचवेन. 'प्रमाणदर्शक' किंवा 'प्रमाणमापक' नको, कारण हे साधन प्रमाण दाखवतही नाही आणि मापतही नाही. ते अंतर पकडतं आणि ठरलेल्या पटीत दुसरीकडे नेतं, आणि पकडण्याचा अर्थ कर्कटकात आधीच आहे. जोडरेषा ठेवावी, नाहीतर शाळेच्या मुलांना लांबलचक शब्द वाचताना अडखळायला होईल.

याच घराण्यातलं क्रिस्टोफ शायनरचं 1603चं साधन, पँटोग्राफ, चार काठ्यांच्या समांतरभुज चौकोनाने अख्खं चित्रच लहानमोठं करतं. त्याला मराठी शब्द शोधू नये. 2022 साली कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून इंजिनाच्या टपावर तारेला भिडणारा पँटोग्राफ इथल्या माणसांच्या ओळखीचा झाला आहे. जुन्या इंजिनांवर त्या भागाचा आकार शायनरच्या चौकोनासारखा होता, म्हणूनच त्याला ते नाव पडलं.