ओव्हरलोड ट्रक पकडला तर दंड किती आणि तो कोणाला?

समजा, तुमचा दहा चाकी ट्रक 28.5 टन पासिंगचा (म्हणजे तेवढ्या वजनाला मंजुरी असलेला) आहे आणि वजनकाट्यावर तो 31.5 टन भरला. म्हणजे 3 टन जादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे मूळ दंड 20,000 रुपये, त्यावर प्रत्येक जादा टनाला 2,000. एकूण 26,000. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही आणि उतरवायचा खर्चही आपलाच. हे दर 1 सप्टेंबर 2019 पासूनचे आहेत.

28.5 हे गाडी आणि माल मिळून एकूण वजन, नुसत्या मालाचं नाही. इथे बरेच जण फसतात. 2018 मध्ये केंद्राने मर्यादा वाढवली, आधी ती 25 टन होती. पण तुमच्या आरसीवर जो आकडा आहे तोच धरून चाला.

आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या फिरत्या पथकाने) काट्यावर चला म्हटलं तर ड्रायव्हरने हुज्जत घालू नये. पुढच्या वाटेवर 10 किलोमीटरच्या आत काटा असेल तर न्यावंच लागतं. वजनाला नकार दिला की सरळ 40,000.

"मला माहीतच नव्हतं, ड्रायव्हरने भरला" ही मालकाची सबब फारशी टिकत नाही. कलम 113 नुसार मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच गाडी भरली, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. खरं तर माल भरून देणारा व्यापारीच "अजून दोन टन टाक की" म्हणतो, आणि नाक्यावर तो नसतो! म्हणून भरल्या भरल्या जवळच्या काट्यावर वजन करून पावती गाडीत ठेवा.