गाडी थांबव

चिरंजीव,

तुझा उझबेकिस्तानच्या सहलीचा तक्ता बघितला. आठ दिवसांत ताश्कंद, समरकंद, शहरीसब्ज, बुखारा, खिवा आणि परत. वर विचारतोस, "काका, ट्रेन घेऊ की गाडी?" अरे, गाडीच घे. मात्र थांबायचं नसेल तर ट्रेन बरी, निदान झोप तरी होईल.

मी गेलो ते पन्नास जणांच्या बसमधून, सप्टेंबर सरता सरता. समरकंद ते बुखारा पावणेतीनशे किलोमीटर, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस! आपल्याकडे दसरा व्हायचा होता, तिकडे बायका कमरेला फडकं बांधून वेचणीला लागलेल्या. मी चौतीस वर्षं अमळनेरच्या जिनिंगात रुई चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगितली, आणि तो कापूस मी काचेआडून पाहिला. "दोन मिनिटं थांबवा," म्हटलं. गाइड म्हणाला, जेवायला उशीर होईल. मी गप्प बसलो. अजून चीड येते. त्याची नाही, माझी.

त्याच रस्त्यावर नवोईजवळ रबाती मलिक लागतं. अकराव्या शतकातली सराई, आता दरवाजा तेवढा उरलाय. सडकेपलीकडे घुमटाखाली पाण्याचं टाकं. पुढे गिजदुवान, कुंभारांचं गाव. दोन्ही ठिकाणी गाडी थांबव. समरकंदच्या रेगिस्तान चौकातले मदरसे कुठे पळून जात नाहीत, तैमूरचा नातू उलुगबेग याचा १४२० पासून उभा आहे.

खिवा खोड. हो, खोडच. वाळवंटातून चारशेच्या वर किलोमीटर हाणायचे, फोटो काढायचे आणि परत फिरायचं, ही काय तऱ्हा? त्यापेक्षा बुखाऱ्याला एक रात्र जास्त राहा. तिथे लबे-हौज आहे. हौज म्हणजे आपला हौदच, लब म्हणजे काठ. काठावर जुन्या तुती आहेत, त्यांवर १४७७ हे लागवडीचं साल लिहिलेली पाटी. संध्याकाळी तिथे नुसता बस. पहाटे गल्लीत नान भाजताना बघ: बाई कोपरापर्यंत हात तापलेल्या तंदुरात घालते आणि आतल्या भिंतीला नान थापते. खापरावर मांडे टाकणाऱ्या तुझ्या आजीची मनगटं आठवतील.

तू म्हणशील, काका म्हातारा झाला, त्याला घाई सोसत नाही. तुझी काकूही म्हणते, "तुमनी मोटार नही, बैलगाडी शे." जळगावहून बऱ्हाणपूरला जायला मला चार तास लागतात, कारण सावद्याला चहा, रावेरला केळीचा बाग, मध्ये कुणी ओळखीचा भेटतो. लोक हसतात. हसू देत. ज्यांनी एरंडोलवरून शंभरदा ये-जा करूनही फरकांड्याचे झुलते मनोरे पाहिले नाहीत, त्यांचं हसणं मी मनावर घेत नाही.

ड्रायव्हर ठरवतानाच बोलून घे: वाटेत थांबे आपले, वेळ आपली, जास्तीचे पैसे आधीच ठरलेले. आणि कापूस दिसला तर गाडी थांबव. शेतवाल्याला विचारून एक बोंड घे, रुई चिमटीत धरून हळू ओढ, धागा पेरापुढे किती जातो ते मला त्याच रात्री फोनवर सांग.

तुझा काका