पानिपत नंतर करा, आधी असई मांडा

प्रश्न: कुटुंबासोबत घरीच छोट्या सैनिकांची मोठी ऐतिहासिक लढाई टेबलावर खेळायची आहे. पानिपत मनात आहे. तयारी कुठून सुरू करू?

पानिपतचा मोह समजतो, पण पहिलीच लढाई म्हणून ती घेऊ नका. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्याची निम्मी कारणं आधीच्या महिन्यांतल्या उपासमारीत आहेत, आणि उपासमार टेबलावर मांडता येत नाही. आमच्या घरी २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई मांडतो. जालना जिल्हा, एका बाजूला शिंदे-भोसल्यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, पुढे जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तोच. दोन नद्यांच्या बेचक्यात सगळं उरकतं, त्यामुळे रणांगणाला कडा आपोआप मिळतात.

सैनिक विकत घेण्याआधी जमीन मोजा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि मग दिवाणखान्यात मावेल अशी लढाई शोधत बसतात. कैलना नदीपासून असई गावापर्यंतची मराठ्यांची फळी साधारण दीड किलोमीटरची होती. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर धरलं, तर ती दीड मीटरभर होते. प्लायवूडची अख्खी शीट ८ बाय ४ फुटांची येते. तीवर दोन्ही नद्या, गाव आणि मागची मोकळी जागा बसते. चार फुटांपेक्षा रुंद करू नका, मधल्या पलटणीपर्यंत मुलांचा हात पोचत नाही आणि मग बाहीने अर्धा तोफखाना आडवा होतो.

या मापात सहाशे जणांची पलटण १५-१६ सेंटिमीटर जागा घेते. तेव्हा १० मिलिमीटरचे सैनिक घ्या. २८ मिलिमीटरचे दिसतात देखणे, पण रंगवता रंगवता घरातला उत्साह संपतो. परदेशातून मागवले तर टपाल आणि कस्टम मिळून सैनिकांपेक्षा महाग पडतात. ओळखीत कुणाकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर उत्तम, नाहीतर जाड कागदावर छापून कापलेलेही चालतात. खेळात काही फरक पडत नाही, खरंच.

रंगकाम घरातल्यांत वाटा, पण माणशी एक पलटण अशी वाटणी नको; माणशी एक रंग द्या. आइसक्रीमच्या काडीवर दहा सैनिक फेविकॉलच्या थेंबाने चिकटवायचे आणि काडी पुढे सरकवायची. एकाने लाल कोट, दुसऱ्याने पांढरे पट्टे, तिसऱ्याने बंदुका. शेवटी तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, मारला की तो खाचांत उतरतो आणि निम्म्या चुका झाकल्या जातात. चेहऱ्यावर डोळे काढायला जाऊ नका, दोन हातांवरून कुणाला दिसणार आहेत? स्प्रे प्रायमर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत त्यावर पांढरट भुरी धरते. त्या दिवसांत ब्रशनेच लावा.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या घरात जमिनीचं सामान असतंच. प्लायवर पातळ केलेला फेविकॉल, त्यावर चाळलेली काळी माती, वाळली की झटकायची. झाडांना स्पंजचे तुकडे.

सैन्याची यादी करताना काय गाळायचं ते आधी ठरवा. मराठ्यांकडे घोडदळ तीसेक हजार होतं, पण लढाईत त्याने फारसं काही केलं नाही. खरी झुंज दिली ती कवायती पायदळाने आणि तोफखान्याने. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा पोलमन त्यांचं नेतृत्व करत होता, त्यांत सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही होत्या. म्हणून तोफा आणि गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे सैनिक, आधी रंगवा. शंभरावर तोफांसाठी टेबलावर दहा-बारा पुरतात. घोडदळाच्या चार-पाच तुकड्या मागे उभ्या करा आणि फाशावर सहा पडल्याशिवाय हलू देऊ नका. हे घोडदळ अशा काकांना द्या ज्यांना चहा पीत गप्पा मारायच्या आहेत. इंग्रजांच्या बाजूला पेशव्यांचे स्वारही होते, हे मुलांना सांगितलं की वसईचा तह आपोआप निघतो आणि तासभर जातो.

दोन गोष्टी मात्र गाळू नका. पहिली, उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा. इथे उतार नाही असं वाटाड्यांनी सांगूनही वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं पाहिली आणि मध्ये उतार असणारच असं ताडलं. आमच्याकडे आजी पंच असते. नदीकाठी गावांच्या तीन जोड्या मांडून ती एकीखाली चिठ्ठी लपवते. इंग्रज खेळाडू चुकीच्या जोडीकडे गेला तर त्याची एक पाळी वाया, आणि तेवढ्यात पोलमन तोंड फिरवून फळी धरतो.

दुसरी, गोलंदाज. इंग्रज पायदळ तोफा ओलांडून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले काही जण उठले आणि त्याच तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. म्हणून आमच्याकडे तोफ घेतली तरी गोलंदाज उचलत नाहीत, आडवे करून ठेवतात. दर पाळीला फासा टाकायचा; पाच किंवा सहा पडले की उठले! धाकटीला हा नियम इतका आवडतो की ती दरवेळी तोफखानाच मागते.

नियमांचं जाडजूड पुस्तक पहिल्यांदा नको. चाल, गोळीबार, हातघाई आणि धीर एवढं एका पानावर बसवा. कशाला जिंकलं म्हणायचं हे मात्र आधी लिहून ठेवा. इंग्रजांनी ९८ तोफा घेतल्या, पण मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून त्यांचे १,५८४ गेले, म्हणजे फळीत लढणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त. त्यामुळे आमच्याकडे इंग्रजांनी मैदान मारलं पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तुकड्या गमावल्या तर डाव बरोबरीचा, आणि निम्म्या गमावल्या तर मराठ्यांचा.