‘बघतो’ म्हणजे नेमकं काय?

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीतला कारखाना सांभाळायला निघालीस आणि माझ्याकडे तिथल्या रीतीभातींची यादी मागितलीस. यादी देत नाही. वेळ पाळायची, कागद नीट ठेवायचे, हे तुला आठवड्याभरात कळेल. जर्मनमधल्या ‘झी’ (तुम्ही) आणि ‘डू’ (तू) यांतला फरक तर आपल्याला शिकवावाच लागत नाही, अहो-जाहो आणि अरे-तुरे घरचंच आहे. पंचाईत होते ती इंग्रजीत वाढलेल्यांची.

त्यापेक्षा वॉलमार्टचं बघ. ही अमेरिकी कंपनी १९९७ साली वर्टकाउफची दुकानं विकत घेऊन जर्मनीत उतरली आणि २००६ मध्ये ८५ दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून निघून गेली. लोक चवीनं सांगतात ते दारात उभं राहून हसतमुखानं केलेल्या स्वागताचं. जर्मन गिऱ्हाईक म्हणे त्यानं बावचळलं. असेल. पण नुसत्या हसण्यानं एवढं मोठं दुकान बसत नाही. आल्डी-लिडल या तिथल्या स्वस्त दुकानांच्या भावापुढे टिकणं मुळातच कठीण होतं.

मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. कंपनीनं अमेरिकेतली आचारसंहिता जर्मनीतही लावली. त्यात कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या प्रेमसंबंधांवर बंधनं होती, आणि सहकाऱ्यानं नियम मोडला तर कळवायला फोनलाइन होती. २००५ मध्ये प्रकरण वुपरटालच्या कामगार न्यायालयात गेलं, तिथे कंपनी हरली. कारण तिथं ‘बेट्रीब्सराट’ असतं, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ. कामाच्या जागी कसं वागायचं याचे नियम असोत की ओव्हरटाइम, या मंडळाची संमती लागते. आपण ज्याला ‘तिकडची संस्कृती’ म्हणतो, त्यातलं बरंचसं कायद्यात लिहिलेलं असतं, आणि ते वाचायचा कंटाळा केला की मग ‘माणसं फार ताठ आहेत बुवा’ असं म्हणायची वेळ येते. म्हणून पोचल्यावर विक्रीवाल्यांच्या आधी त्या मंडळाच्या अध्यक्षाला भेट. दुभाषा घेऊन जा, पण जा. आणि शिफ्ट बदलायचं मनात आलं, तर कागदावर उतरवण्याआधी त्यांना विचार.

आता आपली बाजू. भोसरीत असताना एका जर्मन गिऱ्हाइकानं विचारलं, ‘सोमवारपर्यंत नग निघतील का?’ मी म्हणालो, ‘बघतो, करून टाकू.’ माझ्या मनात त्याचा अर्थ होता: अवघड आहे, पण तुम्हाला तोंडावर कसं नाही म्हणू? त्यानं वहीत सोमवार लिहिला. भट्टी बंद होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. सोमवारी त्याचं असेंब्लीचं काम आमच्या नगांसाठी अडलं. तो रागावला नाही, एवढंच म्हणाला की शुक्रवारीच नाही म्हणाला असतात, तर मी दुसरी सोय केली असती. मी त्याचा मान राखत होतो आणि त्याला ती फसवणूक वाटली. आजही आठवलं की कान गरम होतात.

तुझ्याकडेही हा ‘बघतो’ आहे. पुण्याहून आलेल्या तुझ्या माणसांकडे तर पोत्यानं असेल. त्यांचा ‘हो’ जर्मन सहकाऱ्यांना कळावा यासाठी सुरुवातीला तुलाच मधे पडावं लागेल. ‘होईल’ ऐकलंस की विचार: कधी, कुणाकडून, आणि काय अडतंय?

निघण्याआधी एकदा घरी ये. त्या ऑर्डरची फाइल अजून माझ्याकडे आहे, त्याच्या लाल शाईच्या खुणांसकट.

तुझा,
काका