समितीवर मुलगी बसवायचीय की खबरी?

नाशिकच्या अंबडहून, कंपनीत नोकरीला असलेल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी गंगापूर रोडच्या एका कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला, कॉलेजच्या शिस्तपालन समितीवर विद्यार्थी सदस्य घेतायत, वडिलांनी ट्रस्टींकडे ओळखीने तिच्यासाठी शब्द टाकलाय आणि मला विचारतायत की याचा यूपीएससीच्या इंटरव्ह्यूला आणि लॉच्या अ‍ॅडमिशनला किती फायदा होईल. मुलगी नको म्हणते, कारण गॅदरिंगला पार्किंगमध्ये जी मारामारी झाली त्यात तिच्या जवळच्या मैत्रिणीचा भाऊ आहे आणि ते प्रकरण याच समितीपुढे येणारे. वडील लिहितात, 'बुजरी आहे, जरा ढकललं की करेल.' आणि शेवटी, 'कॉलेजात काय काय चालतं ते तिच्याकडून कळत राहील, धाकटीलाही तिथेच घालायचंय.'

भाऊ, हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. रागावू नका, पण समितीत जे ऐकलं ते घरी येऊन सांगायचं नाही हा या कामाचा पहिला नियम आहे, आणि तुम्ही मुलगी आत जायच्या आधीच तो मोडायची तयारी करून ठेवलीये. कुणाच्या पोराने काय केलं, कुणाच्या पोरीने कुणाविरुद्ध तक्रार दिली हे जेवताना तुमच्या घरी बोललं गेलं की दोन दिवसात सिडकोभर होतं, तुम्हालाही माहितीये. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर तक्रारदाराची ओळख बाहेर फोडायला कायद्यानेच बंदी आहे, २०१३ चा कायदा आहे तो.

आता तिच्या 'नको'कडे या. ओळखीतलं प्रकरण समोर येतंय म्हणून मी बसणार नाही, हे तिला कुणी न शिकवता कळलंय! समिती निवडताना नेमकी हीच अक्कल शोधायची असते, आणि तुम्ही तिला बुजरी म्हणताय. तुमच्याच कंपनीचं बघा ना, एखाद्या कामगाराला चार्जशीट मिळाली आणि चौकशी अधिकारी म्हणून सुपरवायझरचा मेहुणा बसवला तर युनियन गेटवर उभी राहील की नाही? मग कॉलेजात ते कसं चालेल. हां, एक गोष्ट तिला सांगा, त्या एका प्रकरणापुरतं लेखी कळवून बाजूला होता येतं, त्यासाठी अख्खी समिती सोडावी लागत नाही. पण सांगा फक्त, ठरवू दे तिला.

आणि ट्रस्टींकडचा शब्द आधी मागे घ्या. शिफारशीने आलेली सदस्य समजा उद्या ट्रस्टींच्या पुतण्याची केस ऐकायला बसली, तर तिच्या निकालावर कोण विश्वास ठेवेल?

बऱ्याच पालकांचा गैरसमज असतो की समितीवरचा विद्यार्थी म्हणजे मॉनिटरचा मोठा भाऊ, नावं लिहायची आणि सरांना द्यायची. तसं नाहीये, तिथे दोन्ही बाजू ऐकायच्या असतात. आरोप काय आहे ते मुलाला आधी लेखी कळलंय का, उत्तर द्यायला त्याला वेळ मिळाला का, साक्षीदाराने स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं, शिक्षा चुकीच्या मानाने आहे का, हे बघायचं आणि निकालात कारणं लिहायची. त्यामुळे निवडही नुसत्या टॉपर पोरांची करून उपयोग नाही, हॉस्टेलचं कुणी हवं, दिंडोरी-निफाडहून एसटीने येणारं हवं, आणि माझं मत विचाराल तर एकदा स्वतः प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहिलेलं एखादं पोरगंही हवं. मुलाखतीत एखादा अवघड प्रसंग द्यावा आणि पोरगं कसा विचार करतं ते बघावं. ट्रेनिंग म्हणजे प्राचार्यांचं भाषण आणि वडापाव नव्हे. जुनं प्रकरण नावं काढून पोरांना द्यावं, खोटी सुनावणी घ्यावी, एकाला आरोपी करावं, 'तू मारलंस ना?' असं विचारणाऱ्याला थांबवून 'त्या वेळी काय झालं ते सांग' असं विचारायला लावावं, आणि पहिल्या एक-दोन खऱ्या सुनावण्यांना नव्यांना नुसतं बसवून ठेवावं. तुमच्या मुलीच्या कॉलेजात यातलं काय होतं हे तिने विचारावं, काहीच होत नसेल तर तिचं 'नको' अजूनच बरोबर.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमातच विद्यार्थ्यांना जागा आहेत, तेव्हा एक समिती गेली म्हणून काही अडत नाही. रॅगिंगविरोधी समितीत २००९ पासून नवे आणि सीनियर दोन्ही विद्यार्थी असतात, आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीत विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणाला तीन विद्यार्थी सदस्य लागतात, तेही निवडून आलेले. शब्द टाकून नाही.

फायद्याचं विचारलंत. यूपीएससीचा इंटरव्ह्यू २७५ मार्कांचा, त्यात समितीच्या सर्टिफिकेटला वेगळे मार्क नाहीत. फॉर्ममध्ये लिहिलं तर प्रश्न येऊ शकतो, आणि 'वडिलांनी बसवलं होतं' हे काय उत्तर आहे? लॉसाठी बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायची, समिती तिथे कुणी विचारत नाही.

पण तिचा हा स्वभाव बघता मला यूपीएससीपेक्षा कामगार कायदा किंवा एचआर आठवतंय. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत खातेनिहाय चौकश्या चालतात, तिथे दोन्ही बाजूंना नीट ऐकून घेणारी माणसं कमीच भेटतात, हे तुम्ही मला सांगायला हवं. बी.कॉम.नंतर एलएलबी करून त्या बाजूला जाता येतं. आवडतंय का ते कळायला तिने सुट्टीत सीबीएस स्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात एक दिवस मागच्या बाकावर बसून यावं, खुल्या सुनावणीला कुणीही बसू शकतं. मैत्रिणीला घेऊन जाऊ दे, तुम्ही सोबत जाऊ नका.