दोन्ही खतं विरघळणारी, मग टाकीत पांढरा गाळ का बसला?

रावेरच्या अकरावीतल्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: विद्राव्यतेच्या तक्त्यात कॅल्शियम नायट्रेट विद्राव्य, मॅग्नेशियम सल्फेटही विद्राव्य. वडिलांनी केळीच्या ड्रिपसाठी दोन्ही एकाच टाकीत कालवलं आणि पांढरा गाळ खाली बसला. तक्ता चुकला का? आणि तो नुसता घोकण्यापेक्षा काय विरघळेल हे ओळखायचं कसं?

भाऊ, तक्ता बरोबर आहे, तो आयनांच्या (विद्युतभार असलेल्या कणांच्या) जोड्यांनी वाच. पाण्यात पडल्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, सल्फेट असे चार आयन मोकळे फिरतात. कोण कोणाबरोबर गोणीतून आलं याच्याशी पाण्याला देणंघेणं नसतं. म्हणून चारही जोड्या तपासायच्या. तीन खुशाल विरघळतात. चौथी कॅल्शियम-सल्फेट, म्हणजे जिप्सम, आणि ते लिटरला जेमतेम २.४ ग्रॅम विरघळतं.

हिशेब करून बघ. २०० लिटर पाण्यात दोन्ही खतं ५-५ किलो टाकली, तर साधारण साडेतीन किलो जिप्सम बनू शकतं. पाण्यात मावतं अर्ध्या किलोच्या आसपास, बाकी सगळं तळाला. तेच १-१ किलो हजार लिटरमध्ये टाकलं तर लिटरला ०.७ ग्रॅमच होतं आणि गाळ दिसत नाही. तक्त्यातल्या ‘अल्प विद्राव्य’ या शेऱ्याकडे मुलं दुर्लक्ष करतात, पण शेतात सगळा खेळ त्याचाच आहे.

आता ओळखायचं कसं. पहिल्यांदा सोडियम, पोटॅशियम, अमोनियम किंवा नायट्रेट यांपैकी कोणी जोडीत आहे का ते बघ. असेल तर अकरावीपुरतं तरी क्षार विरघळतो म्हणून पुढे जा. यांच्यावर भार फक्त एक एकक असतो, त्यामुळे स्फटिकातली ओढ कमी पडते. दोन्हीकडचा भार वाढला की ओढ वाढते. म्हणून कॅल्शियमचा कार्बोनेट आणि कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम यांचे फॉस्फेट पाण्याला दाद देत नाहीत.

पण भार सारखा असूनही निकाल वेगळा लागतो, तिथे आकार बघावा लागतो. मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. आवर्तसारणीत मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम असं खाली जाताना सल्फेटची विद्राव्यता घटत जाते. मॅग्नेशियम सल्फेट भरपूर विरघळतं, बेरियम सल्फेट लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम. हायड्रॉक्साइडचं नेमकं उलटं: मॅग्नेशियमचं जवळजवळ विरघळत नाही, बेरियमचं चांगलं विरघळतं. धातू तेच, क्रम उलटा!

कारण असं. विरघळताना स्फटिक मोडायला ऊर्जा लागते आणि पाण्याचे रेणू आयनांना वेढतात तेव्हा ऊर्जा परत मिळते. सल्फेट मुळातच मोठा, त्यामुळे धातूचा आयन मोठा झाला तरी स्फटिकाच्या मजबुतीत फार फरक पडत नाही. मात्र मोठ्या आयनाला पाणी सैल धरतं, परतावा घटतो आणि विद्राव्यता पडते. हायड्रॉक्साइड लहान आहे. तिथे धातूचा आयन मोठा होताच स्फटिकच झपाट्याने सैल होतो. आकारात मोठी तफावत असेल तर विरघळण्याकडे कल, जोडी आकाराने जुळत असेल तर गाळाकडे, एवढं धरून चाल.

चांदी, शिसे आणि पारा (मर्क्युरस) यांचे क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड मात्र पाठच कर. त्यांच्या बंधात सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेण्याचा) अंश असतो, निव्वळ भार आणि आकार पुरत नाहीत. सिल्व्हर क्लोराइड लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम, तर सिल्व्हर फ्लोराइड मुबलक विरघळतं. शिशाचं क्लोराइड गरम पाण्यात विरघळतं, थंड झालं की सुया होऊन परत येतं. प्रॅक्टिकलला हे नक्की बघ.

वडिलांच्या कामाचं. ड्रिपरमधला पांढरा थर काढून त्यावर पातळ आम्लाचा थेंब टाक (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही). फसफसलं तर तो जड पाण्यातला कार्बोनेट आहे आणि आम्लाने निघेल, कारण आम्ल कार्बोनेटचाच वायू करून टाकतं. फॉस्फेटही आम्लात विरघळतो, पण न फसफसता. जिप्समला आम्लाचा फारसा उपयोग नाही, सल्फेट आम्लाला सहजी धरून ठेवत नाही. तो थर बसूच द्यायचा नाही.

म्हणून कॅल्शियम नायट्रेटबरोबर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) किंवा युरिया चालेल. १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट), ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट), ००:००:५० (पोटॅशियम सल्फेट) आणि मॅग्नेशियम सल्फेट वेगळ्या दिवशी, मध्ये साधं पाणी सोडून लाइन धुऊन घेतल्यावर. प्रत्येक नावातले आयन कागदावर लिही, कॅल्शियमला फॉस्फेट किंवा सल्फेट कुठे भेटतो ते तूच शोध आणि वडिलांना दाखव.