आधीचा आजार असताना क्रूझसाठी प्रवास विमा कसा निवडावा?

वडिलांना हृदयविकार आहे, तर क्रूझचा विमा घेताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. हप्त्याची रक्कम शेवटी पाहावी. सर्वप्रथम पॉलिसीत 'आधीपासूनचा आजार' याची व्याख्या काय दिली आहे, ते वाचावे. अनेक पॉलिसींमध्ये विमा घेण्यापूर्वीचा ठरावीक काळ, बहुधा 60 ते 180 दिवस, तपासला जातो आणि त्या काळात औषधाची मात्रा बदलली असेल किंवा नवी तपासणी सुचवली गेली असेल, तरी आजार 'स्थिर' नाही असे मानून दावा नाकारला जाऊ शकतो. गोळी 5 मिलिग्रॅमवरून 10 वर गेली, एवढा बदलही त्यासाठी पुरतो, म्हणून अर्जात काहीही लपवू नये. काही कंपन्या, सहलीची पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन ते तीन आठवड्यांत विमा घेतल्यास, ही अट शिथिल करतात. त्यामुळे बुकिंग झाल्यावर रेंगाळू नये.

जहाजावरील दवाखाना प्राथमिक उपचारांपुरता असतो, त्याचे बिल बहुधा खोलीच्या खात्यावर चढते आणि नेहमीचा आरोग्य विमा तेथे पुष्कळदा लागू होत नाही. खरा मोठा खर्च रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा हवाई रुग्णवाहिकेने हलवण्याचा असतो, तेव्हा त्याची मर्यादा भरघोस हवी आणि ते संरक्षण जुन्या आजारालाही लागू असल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे. बंदर चुकल्याची भरपाई वगैरे गोष्टी माझ्या मते दुय्यम आहेत.